खाडीत जिताड्याची बोटुकली सोडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही पुण्यातले काही गरवणारे, म्हणजे हौसेने गळाने मासे पकडणारे मित्र ताम्हिणी उतरून रायगडातल्या खाड्यांवर जाता, पूर्वी कुंडलिकेच्या नाहीतर सावित्रीच्या खाडीत जिताडा मासा हमखास लागायचा, आता उधाणाच्या भरतीला दिवसभर बसूनही हात हलवत परत यावं लागतं, म्हणून वर्गणी काढून तमिळनाडूतल्या हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, वीस-पंचवीस हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून खाडीत सोडायची असं ठरतंय, तर त्याने जिताडा परत येईल का आणि आलाच तर किती वर्षांत.

नुसती सोडली तर येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण तुमच्या मनात आलंय ते चुकीचं अजिबात नाहीये, जगात जिथे किनाऱ्याचा मासा परत आलाय तिथे बऱ्याचदा सुरुवात गरवणाऱ्या लोकांनीच केलीय, फक्त त्यांनी कुठलं काम आधी केलं आणि कुठलं नंतर हे आपल्याकडे कुणी सांगत नाही, पेपरात फोटो येतो तो टँकरमधून पिल्लं सोडतानाचा. मी बरीच वर्षं खाऱ्या पाण्याच्या हॅचरीत काढलीत, जास्त करून जिताड्यावरच, त्यामुळे पिल्लं तयार करणाऱ्या बाजूने बोलतोय, हॅचरीच्या विरोधातला माणूस म्हणून नाही.

सगळ्यात जास्त उदाहरण दिलं जातं ते अमेरिकेतल्या टेक्सासचं. तिथे रेड ड्रम नावाचा मासा आहे, आपल्या घोळ आणि ढोम्याच्याच कुळातला, तांबूस अंग आणि शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, गळाला लागला की रीळ रिकामं करतो. १९७० च्या दशकात तो तिथल्या खाड्यांमधून भराभर कमी व्हायला लागला, जाळी बेसुमार वाढली होती. १९७७ मध्ये ह्यूस्टनमधल्या काही गरवणाऱ्यांनी एकत्र येऊन संघटना काढली. आता इथे नीट लक्ष द्या, त्यांनी पहिलं काम हॅचरीचं केलं नाही. आधी ते कायद्याच्या मागे लागले आणि १९८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने रेड ड्रम आणि तिथला स्पॉटेड सीट्राउट या दोन माशांच्या धंदेवाईक विक्रीवर बंदी घातली, पुढे त्याच दशकात खाड्यांमधली जाळीही बंद झाली. त्याच सुमाराला न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांमधून मसाला लावून काळा भाजलेला रेड ड्रम खायची अशी काही टूम निघाली की खोल समुद्रातले मोठे प्रजनक (अंडी घालणारे) मासे टनावारी उचलले जायला लागले, मग केंद्र सरकारला पण आपल्या हद्दीत हा मासा पकडणं थांबवावं लागलं, आणि ते आजही बंदच आहे.

हे चालू असतानाच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्पस क्रिस्टीला हॅचरी उभी राहिली. पैसा गरवणाऱ्यांच्या संघटनेचा, जागा आणि पाणी तिथल्या वीज कंपनीचं, चालवायचं सरकारी खात्याने. हे वाचून मला दरवेळी आपलं लोणावळ्याचं वळवण आठवतं, तिथेही महाशीर या नदीतल्या मोठ्या माशाची हॅचरी वीज कंपनीनेच उभी केली, १९७० च्या दशकात, टाटांनी, आणि त्यामागे डॉ. सी. व्ही. कुलकर्णींसारख्या मत्स्यशास्त्रज्ञाची चिकाटी होती. वळवणकडे मी नंतर येतो, कारण तिथून बाहेर गेलेल्या माशाच्या बाबतीत एक फार महत्त्वाचा धडा मिळालाय.

टेक्सासच्या हॅचरीची पद्धत तुम्हाला आवडेल. प्रजनक मासे बंद टाक्यांमध्ये ठेवतात आणि दिव्यांचे तास आणि पाण्याचं तापमान बदलत बदलत वर्षाचं ऋतुचक्र काही महिन्यांत बसवतात, माशाला वाटतं शरद ऋतू आला आणि तो इंजेक्शन न देताच अंडी सोडतो. दोन-तीन दिवसांचं पिल्लू बाहेरच्या खाऱ्या तळ्यांमध्ये सोडायचं, तळ्याला आधी खत घालून प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढवून ठेवलेलं असतं, महिनाभरात इंच-सव्वा इंचाची बोटुकली झाली की खाडीत. असं करून कोट्यवधी पिल्लं सोडलीत त्यांनी. १९८३ आणि १९८९ च्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या उथळ खाड्यांमधले मासे प्रचंड संख्येने मेले, त्यातूनही रेड ड्रम सावरला.

पण यातलं श्रेय हॅचरीला किती आणि जाळी थांबवण्याला किती यावर तिथले लोक अजूनही वाद घालतात, कारण दोन्ही एकाच वेळी झालं. म्हणून मी कॅलिफोर्नियाचं उदाहरण जास्त महत्त्वाचं मानतो, तिथे हिशोब जास्त स्वच्छ आहे. तिथे व्हाइट सीबास नावाचा मोठा मासा, हाही घोळीच्याच कुळातला. १९८३ मध्ये त्यासाठी सरकारी कार्यक्रम सुरू झाला, १९९५ मध्ये कार्ल्सबादला मोठी हॅचरी झाली, वीस लाखांवर पिल्लं सोडली आणि प्रत्येकाच्या गालात एक मिलिमीटर लांबीची चुंबकीय तार घालून सोडली, म्हणजे पुढे कुणी मासा पकडला आणि त्याचं डोकं जमा केलं की मशीनवरून कळणार हा हॅचरीचा की खाडीचा. २०१७ च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या समितीने सगळा हिशोब मांडला तेव्हा पकडल्या जाणाऱ्या माशांमध्ये हॅचरीच्या माशांचा वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी निघाला. आणि व्हाइट सीबास तर मधल्या काळात वाढला होता! तो वाढण्यामागे मोठं कारण मानलं जातं ते १९९० मध्ये तिथल्या मतदारांनी किनाऱ्याजवळच्या गिलनेटवर (मासा कल्ल्याशी अडकतो अशा उभ्या जाळ्यावर) घातलेली बंदी, ती १९९४ पासून पूर्ण लागू झाली. मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे कारण त्यांनी पहिल्या दिवसापासून टॅग लावले म्हणून तर हे कळलं, टॅग नसते तर आज सगळे हॅचरीचाच जयजयकार करत बसले असते आणि पुढचे पैसे पण तिथेच गेले असते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बासचं तर याहून सरळ. मेरीलँडने १९८५ ते १९९० तो मासा पकडणंच बंद केलं, पाच वर्षं कुणी हात लावायचा नाही, आणि १९९५ मध्ये मासा सावरला असं जाहीर झालं. पिल्लं तिथेही सोडली होती, पण सावरला तो मुख्यतः अंडी घालणाऱ्या माद्या वाचल्या म्हणून. पुढे ढिलाई आली आणि २०१९ च्या आढाव्यात त्याच माशाबद्दल पुन्हा धोक्याची घंटा वाजली, म्हणजे हे एकदा करून सोडून द्यायचं काम नव्हे. आणि नॉर्वेत तर १८८४ पासून १९७१ पर्यंत फ्लोडेव्हिगनच्या हॅचरीतून कॉड माशाची नुकती जन्मलेली पिल्लं समुद्रात सोडत राहिले, ऐंशीपेक्षा जास्त वर्षं, आणि त्याने मासा वाढला असं कधीच दाखवता आलं नाही.

आता आपल्या जिताड्याकडे येऊ, सिंधुदुर्ग-गोव्याकडे चोणक म्हणतात तोच. याचं आयुष्य समजून घेतल्याशिवाय खाडीत काय बिघडलंय ते कळणार नाही. मोठे जिताडे अंडी घालायला खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात येतात, पावसाच्या आगेमागे, उधाणाच्या भरतीचा जोर बघून. अंडं मिलिमीटरभराचंही नसतं, तरंगतं, भरतीबरोबर आत येतं, साधारण १५ ते २० तासांत पिल्लू बाहेर. ते पिल्लू पुढे कांदळवनात, चिखलाच्या चरांमध्ये, पावसाने भरलेल्या खाचरांमध्ये, अगदी गोड्या पाण्यापर्यंत चढतं, तिथे कोळंबी-बोय खाऊन वाढतं आणि मोठं होऊन परत खाली खाडीत उतरतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताड्याची तळी आहेत ना, ती याच सवयीवर उभी आहेत, पावसाळ्यात खाडीतून पिल्लू आणायचं आणि घरच्या तळ्यात वाढवायचं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे ती, आणि जिताड्याचं पिल्लू कधी कुठल्या चरात मिळतं हे तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांइतकं कुणालाच माहीत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिताडा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि अंगाने मोठा झाला की मादी होतो. म्हणजे तुम्ही ज्याच्याबरोबर फोटो काढता तो पंधरा-वीस किलोचा जिताडा जवळजवळ नक्की मादीच, आणि ती एका हंगामात लाखोंनी अंडी घालणारी. असे मोठे मासे काढत गेलं की खाडीत नर उरतात आणि माद्या संपतात, वरून बघणाऱ्याला वाटतं मासा तर आहे, लहान आहे पण आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला म्हणूनच हाच मासा, तिकडे त्याला बारामुंडी म्हणतात, ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही असा नियम आहे, शिवाय पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी प्रजननाच्या काळात पूर्ण बंद. टेक्सासमध्येही तसंच, रेड ड्रम साधारणपणे २० ते २८ इंचांमधलाच ठेवायचा आणि दिवसाला तीन, त्याच्या पुढचा मासा समुद्राकडे निघालेला प्रजनक असतो.

आपल्याकडे पावसाळ्यातली बंदी आहे, १ जून ते ३१ जुलै अशी आपण ती वर्षानुवर्षं ओळखतो, पण ती यांत्रिक नौकांना. बिगरयांत्रिक होड्यांना सूट असते आणि खाडीतली मासेमारी बहुतेक त्याच होड्यांनी किंवा काठावरून चालते. मी हे कोळी बांधवांच्या विरोधात म्हणत नाहीये, ती सूट गरिबांच्या पोटासाठी आहे आणि असायलाच हवी. पण जिताड्याच्या बाजूने बघितलं तर ज्या दिवसांत मादी मुखाशी येते आणि पिल्लू आत शिरतं त्याच दिवसांत खाडीत त्याला काहीही संरक्षण नाही. बारीक आसाची (लहान भोकांची) जाळी ओहोटीच्या धारेला लावली की कोळंबीबरोबर बोटाएवढे जिताडे पण येतात आणि ते बाजारात जात पण नाहीत, सुकटीत जातात नाहीतर फेकले जातात.

खारबंदिस्तीचंही, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधांचंही, बघायला हवं. बांध आणि त्यातल्या पाणी सोडायच्या वाटा, म्हणजे उघाड्या, शेत वाचवायला बांधल्यात, त्या हव्याच, पण उघाडीचं दार असं बसवलेलं असतं की ओहोटीला पाणी बाहेर जातं आणि भरतीचं आत येत नाही, म्हणजे पिल्लाला आत चढायची वाटच बंद. बाहेरच्या काही ठिकाणी अशा दारांमध्ये थोडी फट ठेवून किंवा ठरावीक दिवस दार उघडं ठेवून पिल्लांना वाट दिली जाते. आपल्याकडे एखाद्या गावाने मनावर घेतलं तर पावसाळ्यातल्या काही भरत्यांना, खाचरात गोडं पाणी भरपूर असताना, हे करून बघता येईल, अर्थात शेतकऱ्याच्या संमतीने आणि खारेपणा मोजत. माझ्या मते पंचवीस हजार पिल्लं विकत घेण्यापेक्षा अशी एक उघाडी नीट चालवणं जास्त मोलाचं आहे. कांदळवनाची तोड गेल्या काही वर्षांत तुलनेने आटोक्यात आलीय, कोर्टाचे आदेश आहेत, २०१२ पासून वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, पण झाड उभं राहिलं आणि त्याच्या मुळातून वाहणारा चर मातीने बुजला तर जिताड्याला त्या झाडाचा उपयोग नाही.

पाण्याबद्दल एकच सांगतो, पुणेकर म्हणून. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत उतरतं, आपल्या मुळेचं पाणी ते, कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्याच्यावरच. म्हणजे तुम्ही ज्या खाडीत गरवायला बसता तिथलं उन्हाळ्यातलं गोडं पाणी वीज कधी आणि किती तयार होते यावरही ठरतं. वाशिष्ठीचंही तसंच, तिथे कोयनेचं पाणी येतं. त्यामुळे शेजारच्या दोन खाड्या सारख्या धरून चालू नका, एकीत जे झालं ते दुसरीत होईलच असं नाही.

आता समजा एवढं सगळं बघून झालं आणि ठरलं की हो, या एका खाडीत पिल्लं सोडायचीच. मग हॅचरीत काय चालतं ते तुम्हाला माहीत हवं, कारण बीज विकत घेणाऱ्याने विचारायचे प्रश्न तिथूनच निघतात. जिताड्याचं बीज बनवणं आता भारतात अवघड राहिलेलं नाही, चेन्नईच्या सीबाने (खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने) १९९७ मध्ये बंदिस्तात प्रजनन यशस्वी केलं आणि नंतर तमिळनाडूत मोठ्या हॅचऱ्या चालू झाल्या. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देतात, साधारण दीड दिवसाने रात्री अंडी येतात. तिसऱ्या दिवसापासून पिल्लाला रोटिफर, मग आर्टेमिया (हे दोन्ही पाण्यातले बारीक जिवंत जीव), मग हळूहळू पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे हा मासा आपल्याच भावंडांना खातो, थोडा लांबीने मोठा झाला की शेजारचा गिळतो, गिळताना कधीकधी दोघंही मरतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी चाळण्या लावून लहान-मोठे वेगळे करायचे, रात्रंदिवस हेच काम. हॅचरी चांगली की वाईट हे मी त्यांच्या ग्रेडिंगवरून ओळखतो, टाकीत एका मापाची पिल्लं दिसली पाहिजेत.

पण ही सगळी यंत्रणा शेतीसाठी बसवलेली आहे, तळ्यात किंवा पिंजऱ्यात वाढवून विकायच्या माशासाठी. तिथे जो पटकन वाढतो, पेलेट मजेत खातो, माणसाला घाबरत नाही तो मासा चांगला. खाडीत सोडायला नेमका उलटा मासा हवा. पेलेटवर वाढलेलं पिल्लू खाडीत गेल्यावर वर तोंड करून अन्नाची वाट बघतं आणि बगळ्याच्या चोचीत जातं. म्हणून सोडायच्या पिल्लांना शेवटचे काही आठवडे खाडीलगतच्या तळ्यात जिवंत कोळंबीवर, झाडाच्या फांद्या टाकलेल्या गढूळ पाण्यात ठेवायला हवं. खारेपाटातली तळी याला अगदी योग्य आहेत, आणि शेतकऱ्यालाही त्यात काम आणि मोबदला मिळेल.

त्याहून गंभीर प्रश्न रक्ताचा. तमिळनाडूतल्या हॅचरीतले प्रजनक पूर्व किनाऱ्यावरचे असणार, आणि बऱ्याचदा थोड्याच मासोळ्यांपासून हजारो पिल्लं काढलेली असतात. एका रात्री एका मादीने दिलेली लाखभर अंडी म्हणजे लाखभर सख्खी भावंडं. खाडीत जंगली मासा थोडाच उरलेला असताना तिथे अशी भावंडं ओतली तर एकूण संख्या वाढेल पण पुढच्या पिढ्यांची जनुकीय विविधता कमी होईल, हे १९९१ मध्येच शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलंय. म्हणून सोडायचंच असेल तर प्रजनक त्याच खाडीपट्ट्यातले, भरपूर संख्येने, दर वर्षी काही बदललेले हवेत. हे महाग पडतं आणि कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

वळवणबद्दल सांगतो म्हणालो होतो ते इथे. दख्खनचा निळ्या परांचा महाशीर तर आपलाच, सायक्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून. तो कमी होतोय म्हणून हॅचरीत वाढवला, देशभरात नद्यांमध्ये-तलावांमध्ये सोडला गेला, हेतू शंभर टक्के चांगला, आणि प्रजनन तंत्र म्हणून ते काम आजही अभिमानाचं आहे. पण हाच मासा बाहेरून नेऊन कावेरीतही सोडला गेला, आणि कावेरीत तिचा स्वतःचा वेगळा कुबडवाला महाशीर होता, जगात दुसरीकडे कुठे नाही असा. निळ्या परांचा तिथे फोफावला आणि कुबडवाला कमी कमी होत गेला, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, आणि त्याचं शास्त्रीय नाव नक्की कोणतं हे २०१८ मध्ये ठरलं, तोवर तो जवळजवळ संपत आला होता. आणि हे उघडकीला कशावरून आलं माहितीये? गळाने पकडून परत सोडणाऱ्या लोकांच्या कॅम्पवरच्या नोंदवह्यांवरून, १९९८ ते २०१२ च्या. कोणता मासा, किती वजनाचा, कुठल्या दिवशी, किती तासांत, एवढंच लिहिलेलं होतं.

रोगाचं थोडक्यात, जिताड्याच्या पिल्लांमध्ये नोडाव्हायरस येतो, मेंदू आणि डोळ्यांवर हल्ला करतो, आईकडून अंड्यातून पण उतरतो. पीसीआर रिपोर्ट नसलेलं बीज खाडीत सोडायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही. आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही पिल्लू सोडू नका, हे मी फक्त कायद्यासाठी सांगत नाहीये, त्यांच्या नोंदीत ते असलं तरच पुढे कुणी त्याचा माग काढू शकेल.

सोडायची वेळ आली तर संध्याकाळची भरती धरा, पिशवीतलं आणि खाडीचं पाणी हळूहळू मिसळू द्या, तापमान आणि खारेपणा दोन्ही जुळेपर्यंत, आणि सगळी एका धक्क्यावरून ओतू नका, होडीने आत जाऊन कांदळवनाच्या चरांमध्ये थोडी थोडी सोडा. पाहुणे, बॅनर, भाषणं यासाठी पिल्लं उन्हात पिशवीत थांबवून ठेवलेली मी बघितलीत आणि मला त्याचा फार राग येतो, ऑक्सिजन संपत असतो आणि माइक चालू असतो. आणि प्रत्येक पिल्लाची ओळख हवी. टॅग परवडत नसेल तर निदान सगळ्या प्रजनकांच्या पराचा नमुना डीएनएसाठी जपून ठेवलेला हवा, म्हणजे पुढे पकडलेल्या माशाच्या पराच्या तुकड्यावरून त्याचे आईबाप ओळखता येतात. हे नसेल तर पैसे खाडीत गेले की माशात गेले हे कधीच कळणार नाही.

तुम्ही किती वर्षं म्हणून विचारलंय. पिल्लाचा नर व्हायला तीन-चार वर्षं, नराची मोठी मादी व्हायला आणखी काही, म्हणजे खाडीतल्या खाडीत जन्मलेली पुढची पिढी तुमच्या गळाला लागायला दहा वर्षं धरून चाला. एवढा धीर असेल तरच हात घाला.

तर वर्गणीचं काय करायचं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं एकही पिल्लू विकत घेऊ नका. एकच खाडी निवडा, चार नको. तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे जाऊन बसा, आणि जाताना प्रस्ताव घेऊन जाऊ नका, आधी त्यांचं ऐका, जिताडा कमी झाल्याचा फटका तुम्हाला हौसेत बसतो, त्यांना पोटात बसतो. पावसाळ्यातल्या ठरावीक उधाणांना मुखाशी बारीक आसाचं जाळं लावायचं नाही असं त्यांनी आपणहून ठरवलं, तर त्या दिवसांची भरपाई तुमच्या वर्गणीतून द्या, ती बोटुकल्यांपेक्षा कमी पैशात जास्त मासे वाचवेल. तुम्ही स्वतः मोठा जिताडा ठेवायचा नाही असं ठरवून घ्या, मीटरच्या आसपासचा लागला की पाण्यातच ठेवून गळ काढा, गळ सर्कल प्रकारचा (टोक आत वळलेला) आणि टोकाजवळचा उलटा काटा दाबलेला, हात ओले, जबड्याने उभा लटकवायचा नाही कारण त्याचं सगळं वजन मानेच्या मणक्यावर येतं, फोटो काढायचा तर आडवा, दोन्ही हातांनी, आणि सोडताना तो स्वतः जोर लावेपर्यंत धरून ठेवा.

आणि नोंदवही आजपासूनच सुरू करा. तारीख, खाडीतली जागा, भरती की ओहोटी, किती तास गळ पाण्यात होता, काय लागलं आणि लांबी, काहीच लागलं नाही तर तेही लिहायचं, ते तर नक्कीच लिहायचं. प्रत्येक जिताड्याच्या शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा लहान बाटलीत ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, बाटलीवर पेन्सिलने नंबर टाका कारण पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते, आणि तोच नंबर वहीत लिहा. आकुर्डीला प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचं केंद्र आहे, रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दोन वर्षांच्या नोंदी आणि शंभरएक बाटल्या घेऊन गेलात तर तिथला कुणीही संशोधक तुमच्याशी आनंदाने बोलेल, आणि मग पिल्लं सोडायची की नाही, कुठल्या चरात, किती आणि कुणाच्या पोटची, हे ठरवायला मी पण तुमच्याबरोबर बसेन.